अण्णांचा डबा : खराब नाण्यांचं काय केलं, काय करायला नको होतं

मी वाड्यावर पोचलो तेव्हा 39 नाणी वर्तमानपत्रावर वाळत पडली होती. चिंच, मीठ आणि काथ्या. तांब्याच्या कळशीला जे लावतात तेच. वहिनींनी रविवारची अख्खी दुपार घालवून एकेक नाणं घासलं होतं आणि आता ती गुलाबी झाक मारत चमकत होती. "भाऊ, तुम्ही येणार म्हणून जरा स्वच्छ करून ठेवली," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात इतका आपलेपणा होता की काय बोलावं ते मला सुचेना. आधी चहा घेतला. मग हलक्या हातानं विषय काढला की बाकीच्यांना आता पाणी लावू नका.

ही गोष्ट 2023 च्या जूनमधली, नाशिकच्या पंचवटीतली. वहिनींचे सासरे, म्हणजे सगळ्यांचे अण्णा, पोस्टातून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी गेले. वाडा पाडून इमारत व्हायची होती आणि सामान हलवायला आठ दिवस उरले होते. माळ्यावरून बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली आला. उघडला तर आत नाणी, पुरचुंड्या, मऊ प्लास्टिकचा एक अल्बम आणि अण्णांच्या अक्षरातल्या काही चिठ्ठ्या. मोजली तेव्हा नाणी 612 भरली. घरच्यांचा प्रश्न सरळ होता : यातली निम्मी तर खराब दिसतायत, त्यांचं करायचं काय?

तोवर दोन उत्तरं घरात येऊन गेली होती. भांडीबाजारात चौकशी केली तर तिथे तांबं मोडीच्या भावात घ्यायला तयार होते. दुसरीकडे, कोणीतरी फोनवर एक जाहिरात दाखवली होती. जुन्या नाण्याचे लाखो रुपये, फक्त आधी नोंदणीचे पैसे भरा. या दुसऱ्या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर इशारा दिला होता. बँकेच्या नावानं जुन्या नाण्या-नोटांच्या व्यवहारात कोणी शुल्क किंवा कमिशन मागत असेल तर ते खोटं आहे, बँकेचा अशा व्यवहाराशी काही संबंध नाही. हे मी वहिनींच्या मुलाला नीट समजावून सांगितलं, कारण फोन लावायच्या तयारीत तोच होता. दोन्ही सल्ल्यांमध्ये एक गोष्ट सारखी होती. नाणं कोणतं आहे हे न बघताच त्याचा निकाल लावायचा.

मी पहिली चूक त्याच दिवशी केली. आधी ती सांगतो, कारण तिचं नुकसान भरून आलेलं नाही. डब्यात धोतराच्या फडक्याच्या तीन पुरचुंड्या होत्या. मी उत्साहात तिन्ही एकाच ताटात रिकाम्या केल्या. मग चिठ्ठ्या वाचायला घेतल्या. एकीवर लिहिलेलं, "गोदापात्र, उन्हाळा 73." बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. नदीचं पाणी आटलेलं असताना अण्णांनी पात्रातून वेचलेली किंवा तिथे नाणी शोधणाऱ्या पोरांकडून घेतलेली ती नाणी. दुसऱ्या चिठ्ठीवर आजीच्या माहेरच्या गावाचं नाव होतं. कोणती नाणी नदीतली आणि कोणती माहेरची, हे सांगणारा एकमेव पुरावा म्हणजे कोणतं नाणं कोणत्या फडक्यात होतं ते, आणि तो मी दहा सेकंदांत मोडला. रंगावरून आणि मातीवरून पुढे 41 नाणी नदीची म्हणून वेगळी काढता आली. दहाबारा मात्र कायमची अधांतरी राहिली. डबा उघडला की आधी फोटो काढायचा, पुरचुंडी आहे तशीच नंबर टाकून ठेवायची, चिठ्ठी तिच्यापासून हलवायची नाही, हे मी दुसऱ्यांना सांगत असतो. त्या दिवशी मी ते केलं नाही.

त्यानंतर ताटं मांडली. किमतीप्रमाणे वाटणी करायची नाही, असं मी आधीच ठरवून टाकलं. वाटणी आजाराप्रमाणे केली. कुठलं नाणं अजून बिघडत चाललंय, कुठलं बिघडून थांबलंय, कुठलं बिघडलेलं दिसतं पण बिघडलेलं नाही.

हा शेवटचा गट घरच्यांना सगळ्यात नवा होता. त्यांनी "भोक पाडलेली" म्हणून बाजूला टाकलेली 28 नाणी म्हणजे भोकाचे पैसे निघाले. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची चणचण होती, म्हणून 1943 पासून सरकारनंच एक पैशाचं नाणं मधे भोक ठेवून पाडलं. जुन्या पैशाच्या निम्म्याहून कमी धातूत काम भागलं. भोक टाकसाळीतलंच. ज्या नाण्याला नंतर कोणी माळेत ओवण्यासाठी भोक पाडलेलं असतं त्याची कडा बाहेरच्या बाजूला वर आलेली असते, आणि भोक अक्षरांतून किंवा राजाच्या डोक्यावरून गेलेलं असतं. बोट फिरवलं की फरक कळतो. शिवराया, म्हणजे शिवराई नावाची मराठेशाहीतली तांब्याची नाणी, "वेड्यावाकड्या, अक्षर अर्धं कापलेल्या" वाटत होत्या त्याचं कारणही तसंच. त्या हातानं ठोकलेल्या. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकती जराशी सरकली की "श्री" बाहेर जायचा आणि "राजा" आत राहायचा. पूर्ण अक्षरं एकाच नाण्यावर मिळणं हीच अपूर्वाई. एका अंकुशी रुपयावर (अंकुशाची खूण असलेला मराठेशाहीतला चांदीचा रुपया) बारीक छापांचे चार-पाच व्रण होते. ते सराफांनी चांदी पारखून घेतल्याच्या खुणा आहेत. बाजारात अशा खुणांनी किंमत उतरते हे खरं, पण ते नाणं चार-पाच दुकानांतून वाजवून घेतलं गेलं याची ती नोंद आहे, आणि मला ती पुसट करावीशी कधी वाटलेली नाही.

आता त्या 39 नाण्यांकडे येतो, कारण खरं काम तिथेच होतं.

तांब्याच्या जुन्या नाण्यावरचा काळसर-तपकिरी थर म्हणजे मळ, असं आपण धरून चालतो. तो मळ नसतो. तांब्याचाच वरचा पापुद्रा शंभर-दोनशे वर्षं हवेशी जुळवून घेत घेत टिकाऊ झालेला असतो, आणि खालच्या धातूचं तोच रक्षण करतो. चिंचेतलं आम्ल तो थर खाऊन टाकतं. काथ्या अक्षरांच्या धारा बोथट करतो. एवढ्यावर थांबलं असतं तरी नुकसानच होतं, पण थांबलेलं नुकसान. मिठामुळे ते थांबलं नाही. मिठातला क्लोराइड उघड्या तांब्याच्या बारीक छिद्रांत शिरून तिथे तांब्याचा एक क्षार तयार करतो. कोरड्या हवेत तो गप्प असतो. पावसाळी हवेत ओलावा आणि ऑक्सिजन मिळाला की त्यातून फिकट हिरवी भुकटी आणि थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं, ते आम्ल शेजारचं ताजं तांबं खातं, पुन्हा तोच क्षार, पुन्हा ओलावा. हे चक्र नाणं संपेपर्यंत चालू राहतं. संग्राहक याला "ब्रॉन्झ डिसीज" म्हणतात. आजार शुद्ध तांब्यालाही होतो.

वहिनींना हे सगळं मी त्या दिवशी सांगितलं नाही. नाणी पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्यातून काढून, टिपून, कोरडी करून वेगळ्या डब्यात ठेवली आणि दोन आठवड्यांनी येतो म्हणालो. मधल्या दिवसांत पावसानं जोर धरला. परत गेलो तेव्हा 39 पैकी 16 नाण्यांवर राईच्या दाण्याएवढे पोपटी ठिपके उठले होते. एका कंपनी सरकारच्या पाव आण्यावर, 1835 च्या, वर्षाच्या आकड्यांतल्या तिनावरच ठिपका आला होता. टाचणीच्या टोकानं हलकेच टेकवलं तर भुकटी झाली आणि खाली खड्डा. जुना, पक्का हिरवा थर असा नसतो. तो कठीण असतो, गुळगुळीत असतो, नखानं निघत नाही. आजारी आणि निरोगी हिरवा ओळखायची घरगुती परीक्षा एवढीच : भुकटी होते का, आणि ती परत येते का.

उपाय केला तो असा. भिंगाखाली लाकडी दातकोरणीनं भुकटी काढली, लोखंडी काही वापरलं नाही. हातमोजे आणि तोंडाला फडकं, कारण ती भुकटी श्वासात जाऊ नये. मग प्रत्येक नाणं डिस्टिल्ड वॉटरच्या वेगळ्या वाटीत ठेवलं. बॅटरीत घालायला मिळतं ते पाणी चालतं, पण बाटलीवर आम्ल नाही ना हे बघून घ्यावं. नळाचं पाणी नाही, कारण त्यातही क्लोराइड असतो. पाणी रोज बदललं, मग आठवड्यानं, असे तीन महिने. वहिनींनी नव्या घराच्या खिडकीत 16 स्टीलच्या वाट्या मांडल्या होत्या, प्रत्येकीवर नंबर. घरात कोणी विचारलं तर त्या सांगत, "औषध चालू आहे." पाण्यातून काढल्यावर अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून ओलावा काढला, आणि घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद केली. सगळ्यात मोठं औषध म्हणजे हा कोरडेपणा. डब्यातली आर्द्रता 40 टक्क्यांच्या खाली राहिली तर आजार झोपून राहतो. वस्तुसंग्रहालयांत याहून पक्की रसायनं वापरतात, पण त्यांतली काही विषारी आहेत, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ती करू नयेत असं माझं ठाम मत आहे.

गुलाबी झालेल्या तांब्यावर तो जुना थर मात्र परत येत नाही, निदान आपल्या हयातीत. बाजारात काही लोक गंधक लावून खोटा काळेपणा आणतात. आम्ही तसं केलं नाही. नाणं ठेवायच्या होल्डरवर मी स्पष्ट लिहिलं : "चिंच-मिठानं साफ केलेलं, जून 2023." पुढे ज्याच्या हातात जाईल त्याला ते कळायला हवं.

नदीतली 41 नाणी या 39 पेक्षा वाईट दिसत होती आणि तब्येतीनं चांगली होती. गाळाची पुटं, खडबडीत हिरवा थर, बरीचशी ओळखूच न येणारी. पण पन्नास वर्षं त्या डब्यात राहूनही भुकटी नव्हती. त्यांना मी हात लावला नाही. चार नाण्यांचा एक गोळा होता, गाळानं एकमेकांना चिकटलेला. मुलगा म्हणाला, सुटी करून बघू. मी नको म्हणालो. गोळा फोडला तर चार खराब नाणी हाती आली असती. आत्ता तो कोणीतरी फडक्याच्या गाठीत किंवा द्रोणात घालून गंगेला वाहिलेला एक ऐवज आहे, असा निदान तर्क करता येतो. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, अण्णांच्या दुसऱ्या एका चिठ्ठीतही तसंच होतं.) हाच गोळा शेत नांगरताना किंवा पाया खणताना निघाला असता तर गोष्ट वेगळी होती. जमिनीत पुरलेला ऐवज दहा रुपयांहून अधिक मोलाचा असेल तर 1878 च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि राज्याचं पुरातत्त्व खातं तो बघतं. वाड्याचा पाया खणणाऱ्या ठेकेदारालाही हे मी सांगून ठेवलं होतं.

पूर्ण गुळगुळीत अशी 11 तांब्याची नाणी शेवटी उरली. आजी ज्यांना ढबू म्हणायची तसली जाड. दोन्ही बाजू तळहातासारख्या सपाट. मी ती मोडीच्या ताटात टाकली. एवढी वर्षं नाणी बघतो, मला खात्री होती. रात्रीचे साडेआठ, वीज गेलेली, वहिनींनी बॅटरी आणून ताटाशेजारी जमिनीवर आडवी ठेवली. उजेड वरून न पडता कडेनं, नाण्यांना घासत गेला. मी डब्याचं झाकण शोधत होतो. वहिनी म्हणाल्या, "भाऊ, हे 'त्र' आहे ना?"

मी वाकून पाहिलं. सपाट तांब्यावर सावलीची एक बारीक रेघ तिरकी उतरली होती, तिला डावीकडे एक फाटा, आणि वर शिरोरेघेचा अंश. बॅटरी जरा फिरवली की नाहीसं व्हायचं, परत आणली की उमटायचं. "छत्र" मधला "त्र". उलट्या बाजूला काहीच नाही, पण कडेला टिंबांच्या किनारीतली तीन टिंबं. शिवराई. 1674 ला रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर हे नाणं सुरू झालं, एका बाजूला "श्री राजा शिव", दुसऱ्या बाजूला "छत्र पति", आणि पुढे महाराजांनंतरही दीडशे वर्षं वेगवेगळ्या टाकसाळींतून ते निघत राहिलं. म्हणून शिवराई दिसली की ती महाराजांच्या काळातलीच असं म्हणता येत नाही. अक्षरांचं वळण, "शिव" ची वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, टिंबं किती आणि कुठे, वजन किती, यावरून अभ्यासक काळ आणि टाकसाळ ताडतात. आमच्या नाण्यावर एका अक्षराहून जास्त उरलं नव्हतं, तेव्हा काळ ठरवायचा प्रश्न नव्हता. पण उरलेली दहाही त्या आडव्या उजेडात एकेक करून पाहिली. आणखी तिघांवर काही ना काही निघालं. सात खरोखर कोरी.

बाजारात या चार नाण्यांना आजही कोणी विचारणार नाही. मोडीच्या तराजूत मात्र ती त्या रात्री जवळजवळ गेलीच होती. त्यानंतर मी कुठल्याही घरी गेलो तरी दिवा बंद करून बॅटरी जमिनीवर ठेवतो.

चांदी 23 होती आणि तिचं दुखणं निराळं. नऊ रुपये त्या मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये होते. पीव्हीसीचं ते प्लास्टिक वर्षानुवर्षांत स्वतः कुजतं, त्यातून तेलकट द्रव्य आणि आम्ल सुटतं, आणि नाण्यावर चिकट हिरवा साका चढतो. अण्णांनी जपण्यासाठी म्हणूनच अल्बम आणला असणार. हे मात्र सुधारता येतं. शुद्ध अ‍ॅसिटोन, काचेचं भांडं, खिडक्या उघड्या, गॅस बंद. नाणं बुडवून ठेवायचं, हलवायचं, काढून आपोआप वाळू द्यायचं. पुसायचं नाही. नेलपॉलिश काढायचं द्रावण वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध मिसळलेले असतात. नऊपैकी सात लख्ख निघाले, दोघांवर आम्लानं आधीच चरे पाडले होते. अल्बम केराच्या टोपलीत.

बाकी 14 रुपयांना कड्या डागलेल्या, म्हणजे धातूचा डाग देऊन जोडलेल्या. आजीच्या माळेतले. संग्राहकाच्या दृष्टीनं डाग दिलेलं नाणं म्हणजे जखमी नाणं, आणि कडी कानशीनं घासून काढली तर जखम आणखी मोठी होते. घरातल्या दोघांना माळ परत ओवून हवी होती, दोघांना पैसे. तेव्हा हिशेब मांडला. 1939 पर्यंतच्या इंग्रजी रुपयाचं वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. म्हणून तर सोनार "रुपयाभार" म्हणत. त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे जवळपास 10.7 ग्रॅम शुद्ध. 1940 ते 1945 च्या रुपयात वजन तेच, पण चांदी निम्मी, सुमारे 5.8 ग्रॅम. दिसायला, हातात घ्यायला दोन्ही सारखे. 14 पैकी पाच रुपये या निम्म्या चांदीचे होते, आणि एका पेढीवर सगळे मिळून एकाच भावात, अर्थातच खालच्या, मोजले जात होते. वर्ष बघून दोन ढीग केल्यावर आकडा बदलला. ज्यांना चांदी वजनाला द्यायची आहे त्यांनी एवढं तरी घरूनच करून जावं.

आणि ढीग करताना वर्ष बघितलं म्हणूनच 1911 चा रुपया हाती लागला. पंचम जॉर्जच्या त्या पहिल्या वर्षीच्या नाण्यावर राजाच्या झग्यावर हत्तीचं चित्र आहे. ते इतकं आखूड सोंडेचं उतरलं की लोकांना डुक्कर वाटलं. मुसलमान समाजात नाराजी झाली, सरकारनं बरीचशी नाणी वितळवून टाकली आणि पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारून काढला. आमच्या रुपयाच्या माथ्यावर कडी, गालावर डागाचा ओघळ. हत्ती मात्र शाबूत, भिंगातून पाहिलं की सोंड खरोखरच मुस्काटासारखी दिसते. हा रुपया वजनाला द्यायचा नाही यावर घरात एकमत झालं. निम्म्या चांदीचे पाच विकले. बाकीचे नऊ रुपये, कड्यांसकट, माळेत परत गेले. 1911 चा रुपया मधोमध आहे. माळ म्हणून ते खराब नाहीतच.

पैशांची म्हणजे दशमान नाणी 397 होती, आणि त्यांच्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 1 एप्रिल 1957 ला नवा पैसा आला, पुढे अ‍ॅल्युमिनियमचे चौकोनी, षटकोनी, नागमोडी कडेचे आले. 25 पैसे आणि त्याखालचं सगळं 30 जून 2011 पासून चलनातून बाद. पांढरी भुकटी धरलेली, वाकलेली, बाजारात शून्य किमतीची ही नाणी वहिनींच्या ओळखीच्या एका शाळेत गेली. तिथल्या बाईंनी मुलांकडून शंभर एक-पैसे तराजूत मोजून घेतले, 75 ग्रॅम भरले, एक रुपया. तीन पैशांचं नाणं हातात घेतल्याशिवाय ते असायचं यावर मुलांचा विश्वास बसत नाही. डब्यात एक-दोन रुपयांची झिजलेली पण चलनातली नाणीही होती, ती बँकेत भरली. चलनातलं नाणं वितळवणं किंवा मोडणं 2011 च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे, मग ते कितीही खराब असो.

सात नाणी मात्र अशी होती की ती कोणालाच देता येत नव्हती. तांबूस रंगाची, जाड, एका बाजूला रामदरबार, दुसऱ्या बाजूला "ईस्ट इंडिया कंपनी" आणि 1818. कंपनीनं असं नाणं कधी पाडलेलं नाही. ही अलीकडच्या काळात बनवलेली टोकनं आहेत, यात्रेच्या ठिकाणी विकली जातात, आणि यांच्याच नावावर "तांदूळ ओढणारं नाणं", म्हणजे तांदळाचे दाणे स्वतःकडे खेचणारं चमत्कारी नाणं, म्हणून लोकांना लाखोंना लुबाडल्याचे प्रकार घडतात. मुलगा म्हणाला, फेकून देऊ. फेकलेलं टोकन दुसऱ्या कोणाला सापडतं आणि त्याची फसवणूक तिथून सुरू होते. शेवटी सहा टोकनांवर आडवा-उभा करवतीचा चर मारला आणि सातवं, "बनावट" अशी चिठ्ठी लावून, घरच्यांना ओळख राहावी म्हणून ठेवलं. नाण्यांवर हत्यार चालवायची वेळ या सगळ्या कामात एवढी एकदाच आली.

एक पाच पैशांचं नाणं कुठल्याच ताटात बसेना. पानासारखं पातळ, लांबट, छाप पूर्ण गेलेला. वहिनींचे यजमान तोवर या कामात फारसे नव्हते. त्यांनी ते उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, हे मी रुळावर ठेवलं होतं. नाशिक रोडला, आठवी-नववीत असताना. अण्णांनी तेव्हा मारलं होतं. मग बराच वेळ कोणी बोललं नाही. अण्णांनी ते नाणं चिठ्ठीच्या कागदात गुंडाळून ठेवलं होतं, कागदावर फक्त मुलाचं नाव.

ते नाणं आता त्यांच्या पाकिटात असतं. कोऱ्या निघालेल्या सात ढबूंबद्दल मी अजून मोडीचाच सल्ला दिला असता, पण वहिनींनी ते देवघरात ठेवले आणि मी त्यावर काही म्हणालो नाही.

पुढच्या हिवाळ्यात वहिनींना घेऊन आंजनेरीला गेलो. त्र्यंबकेश्वरच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, 1980 सालची, तिथलं संग्रहालय त्यांनी पाहावं अशी माझी इच्छा होती. काचेमागच्या नाण्यांसमोर त्या थांबत थांबत गेल्या. शंभर वर्षांपूर्वीचं नाणं परदेशी नेता येत नाही, 1972 चा पुरावस्तू कायदा त्याला लागू होतो, हे मी बोलता बोलता सांगितलं, कारण त्यांची मुलगी कॅनडात आहे आणि आठवण म्हणून एक शिवराई तिला धाडायचं त्यांच्या मनात होतं. आता तिला फोटो धाडलाय. आडव्या उजेडातला, "त्र" चा.

या वर्षी पावसाच्या तोंडावर डबा पुन्हा उघडला. सिलिका जेलचे खडे निळ्याचे गुलाबी झाले होते, म्हणजे ओलावा भरून आलेले. ते कढईत मंद आचेवर परतून घेतले. 16 पैकी 14 नाणी शांत आहेत. 1835 च्या त्या पाव आण्यावर, तिनाच्या खड्ड्याशेजारी, नवा ठिपका आहे. आणखी एका शिवराईच्या कडेला संशय येण्याइतपत फिकट हिरवं. वहिनींनी दोन वाट्या काढल्या, जुन्या नंबरांच्या चिठ्ठ्या अजून त्यांवर होत्या. पाणी मी ओतलं. शुक्रवारी बदलायचं आहे.